गाडीच्या शेडखाली काय घालावे: भरावाच्या जमिनीवरील अंगणासाठी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न असा आहे. नेरूळमध्ये खाडीच्या बाजूच्या एका सेक्टरात आपले रो-हाऊस आहे. पुढच्या मोकळ्या जागेत लोखंडी खांबांवर पत्रे टाकून आपण ५.५ मीटर लांब आणि ३.२ मीटर रुंद अशी शेड उभी केली आहे आणि तीत एक मोठी गाडी व एक स्कूटर राहते. जुनी शहाबादी फरशी फाटकाच्या बाजूला खचली आहे आणि ड्रेनेजच्या चेंबरभोवती खड्डा पडला आहे. पुढे काय करावे याबद्दल आपल्याला तीन सल्ले मिळाले आहेत. फरशीवाला जुन्या फरशीवरच पार्किंग टाइल्स बसवून देतो म्हणतो, आपले मेहुणे ट्रिमिक्स (ओतल्यावर पंपाने जादा पाणी शोषून घेतलेल्या) काँक्रीटचा आग्रह धरतात आणि नर्सरीवाल्याने गवत उगवणारे जाळीदार ब्लॉक सुचवले आहेत. ठाणे आणि नवी मुंबईत मी जवळजवळ तीस वर्षे अंगणे, पार्किंगच्या जागा आणि सोसायट्यांचे अंतर्गत रस्ते करत आलो आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

माझे मत आधीच सांगतो. आपल्या जागेसाठी मी या तिन्हींपैकी काहीही करणार नाही. जुनी फरशी काढून, खालचा थर नव्याने बांधून, वर मशीनवर दाबून तयार केलेले खरखरीत पेव्हर ब्लॉक बसवीन. ब्लॉक काँक्रीटपेक्षा मजबूत असतात असा माझा दावा नाही, तसे ते नसतातही. कारण एवढेच, की आपली जमीन अजून खचते आहे आणि ती यापुढेही थोडीथोडी खचणार आहे. खचणाऱ्या जमिनीवर उचलून पुन्हा बसवता येईल असा पृष्ठभाग घालावा आणि पक्क्या जमिनीवर पुन्हा हात लावावा लागणार नाही असा घालावा. लोक दुकानात जाऊन नमुने पाहतात, रंग ठरवतात आणि मग गवंड्याला बोलावतात. खरे तर पहिला माणूस कुदळ घेऊन यायला हवा.

म्हणून काहीही ठरवण्याआधी शेडच्या मधोमध आणि फाटकाजवळ असे दोन खड्डे घ्या. प्रत्येक खड्डा दोन फूट लांब-रुंद आणि अडीच फूट खोल असावा. खणताना काय निघते ते स्वतः उभे राहून पाहा. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली या भागांत खाडीकडची बरीच जमीन मूळची मिठागरे, भातखाचरे आणि खाजणे होती. १९७० साली सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) स्थापन झाल्यानंतर पुढच्या दोन-तीन दशकांत तिच्यावर मुरमाचा भराव पडत गेला. वर मुरूम दिसला तरी खाली काही मीटर जाडीची काळी-करडी चिकण खाडीमाती असू शकते, आणि तिच्यातील पाणी दाबाखाली हळूहळू बाहेर पडत राहते तसतशी जमीन बसत जाते. पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल नेलेल्या खांबांवर, उभ्या असलेल्या इमारती जागच्या हलत नाहीत आणि भोवतालचे आवार मात्र खाली जाते, त्यामुळे जिन्याला एक जादा पायरी बांधावी लागल्याची उदाहरणे आपल्याही परिसरात सापडतील. याउलट बेलापूरला पारसिकच्या पायथ्याशी किंवा ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या येऊरकडच्या अंगाला खणले, तर अनेकदा दोन-तीन फुटांतच कडक मुरूम किंवा काळा पाषाण लागतो. त्याच घोडबंदर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला परिस्थिती पुन्हा नेरूळसारखी होते. एका शहराला म्हणून एक उत्तर नसते ते यामुळेच.

खड्ड्यात तिसरी गोष्टही निघू शकते, आणि ती सर्वांत त्रासाची आहे. ती म्हणजे राडारोडा. विटांचे तुकडे, प्लास्टर, लाद्यांचे कपटे, मध्येच पोत्याची चिंधी. अशा भरावात पोकळ्या राहिलेल्या असतात. पावसाळ्यात बारीक माती त्या पोकळ्यांत वाहून जाते आणि वरची फरशी अधांतरी राहते. घुशींना ही जागा फार मानवते. आपल्या चेंबरभोवती पडलेला खड्डा केवळ जमीन बसल्यामुळे पडला असेल असे मला वाटत नाही. चेंबरच्या भिंतीला जेथे पाइप जोडलेला असतो तेथील सांधा फुटला, की प्रत्येक पावसात थोडी थोडी माती चेंबरमध्ये धुऊन जाते, आणि घुशी तीच वाट रुंद करतात. चेंबरचे झाकण उघडून तळाशी लाल मुरूम साचला आहे का ते पाहा. साचला असेल तर आधी चेंबरची आतून दुरुस्ती करून घ्या, कारण ती केल्याशिवाय वर कोणताही पृष्ठभाग घातला तरी दोन पावसाळ्यांत तोच खड्डा पुन्हा दिसेल.

आता पाण्याविषयी. शेड आहे म्हणजे खालची जमीन कोरडी राहील असे बहुतेक जण गृहीत धरतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून वाऱ्याबरोबर तिरपा येतो, त्यामुळे तीन बाजूंनी उघड्या शेडचा बराचसा भाग भिजतोच. शिवाय गाडी स्वतः अंगावर पाणी घेऊन आत येते. उघड्या अंगणावर पाऊस थांबताच ऊन पडते आणि जमीन सुकते. शेडखाली ऊन पोचत नाही, म्हणून ओल दिवसेंदिवस टिकते आणि शेवाळ धरते. शेडखालची जागा उघड्या जागेपेक्षा पावसाळ्यात अधिक निसरडी असते, ही गोष्ट मला स्वतःलाही कामाला लागल्यावर काही वर्षांनी उमगली. पृष्ठभाग निवडताना पहिली कसोटी हीच लावावी: ओल्या आणि शेवाळलेल्या स्थितीत घरातील वृद्ध माणूस त्यावरून चप्पल घालून चालू शकेल का?

छपराचे पाणी वेगळे मोजावे. वळचणीसह आपले छप्पर सुमारे २० चौरस मीटरचे असेल. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलैमध्ये असे दिवस येतातच, तर त्या छपरावरून २००० लिटर पाणी खाली येते. पन्हळ नसेल तर हे सारे पाणी वळचणीच्या एका रेषेत पडते आणि पृष्ठभागाच्या कडेखालची माती उकरून काढते. आपली फरशी फाटकाच्या बाजूलाच का खचली, याचे निम्मे उत्तर बहुधा येथे आहे. तेव्हा फरशीचा विषय काढण्याआधी पत्र्याला पन्हळ लावा आणि तिचा पाइप थेट पावसाळी गटारापर्यंत न्या.

पातळीचाही विचार याच टप्प्यावर करावा लागतो. शेडची जमीन घराच्या उंबऱ्यापेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली असावी आणि बाहेरच्या रस्त्यापेक्षा थोडी तरी वर असावी. आपल्याकडे दर डांबरीकरणात किंवा काँक्रिटीकरणात रस्ता चढत जातो. घराचा उंबरा मात्र होता तेथेच राहतो, त्यामुळे या दोन पातळ्यांमधील अंतर वर्षागणिक कमी होते. खाडीकडच्या सेक्टरांत भरतीच्या वेळी गटारांचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही. ते धारण तलावांत, म्हणजे भरती ओसरेपर्यंत पाणी साठवणाऱ्या तळ्यांत, थांबते, आणि तेवढ्यात मोठा पाऊस आला तर गटारे तुंबून पाणी रस्त्यावर उभे राहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी आपल्या गल्लीत पाणी कोठपर्यंत आले होते हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करून ठेवा. जमिनीची पातळी त्या खुणेच्या वर नेणे बहुधा शक्य होणार नाही. तरी विजेचा बोर्ड आणि पुढे कधी घ्याल त्या विजेवरच्या गाडीचा चार्जर मात्र त्या खुणेच्या वर नक्की बसवता येतो.

उतार ६० ला १ ठेवा. ५.५ मीटर लांबीत तो सुमारे ९० मिलिमीटर होतो. त्यावर उभी केलेली गाडी सरकत नाही आणि डोळ्यांना तो उतार जाणवतही नाही. गवंडी १०० ला १ पुरे म्हणतील. गुळगुळीत घोटलेल्या कोब्याला ते पुरेल, पण आपल्याला खरखरीत पृष्ठभाग हवा आहे आणि खरखरीत पृष्ठभागावर पाणी अडखळत जाते. उतार घरापासून फाटकाकडे द्यावा आणि फाटकाच्या आत आडवी जाळीची नाली घ्यावी. म्हणजे आपले पाणी रस्त्यावर जाणार नाही आणि रस्त्याचे पाणी आत येण्यापूर्वी नालीत पडेल.

आता आपल्याला मिळालेल्या सल्ल्यांकडे वळतो.

गवताच्या जाळीदार ब्लॉकबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गवताला ऊन आणि पाऊस लागतो, आणि शेड या दोन्ही गोष्टी अडवते. तीन-चार महिन्यांत गवत मरेल, भोकांत चिखल राहील आणि त्यात इंजिन ऑइल झिरपेल. उघड्या पार्किंगमध्ये, मुरमाड जमिनीवर हे ब्लॉक चांगले काम करतात. छपराखाली ते घालू नयेत.

जुन्या फरशीवर पार्किंग टाइल्स बसवण्याविरुद्ध मी जरा ठामपणे लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सोसायटीने खर्च वाचवण्यासाठी तोडफोड न करता वरूनच टाइल्स बसवा असे सांगितले आणि मी ते मान्य केले. टाइल्स जाड होत्या, पाकिटावर जड वाहनांसाठी असे छापलेले होते. गवंड्यांनी मात्र टाइलखाली मसाला सलग न पसरता चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे गोळे ठेवून त्या ठोकल्या आणि माझे लक्ष नव्हते. गोळ्यांमधील पोकळीवर चाक आले की टाइल मोडते, मग ती कितीही मजबूत असो. पहिला पावसाळा संपेपर्यंत चाकांच्या पट्ट्यातील टाइल्सना तडे गेले होते, आणि त्या पोकळ्यांत साठलेले पाणी गाडी आत आली की सांध्यांतून पिचकारीसारखे उडत असे. ते सारे काम मी पदरमोड करून पुन्हा केले. पार्किंग टाइल वाईट नसते. ती फक्त पृष्ठभागाची कातडी असते, भार खालच्या काँक्रीटने पेलायचा असतो. खाली १०० मिलिमीटर जाडीचे पक्के, न हलणारे काँक्रीट आणि त्यावर सलग मसाला असेल, तर ती उत्तम दिसते आणि धुवायला सोपी जाते. खचलेल्या शहाबादीवर ती बसवणे म्हणजे खचलेपणा झाकणे आहे. शिवाय तिच्यामुळे पातळी ४० ते ५० मिलिमीटरने वर येईल आणि उंबऱ्याशी ठेवायचे अंतर तितकेच घटेल.

काँक्रीटबद्दल मेहुण्यांचे म्हणणे चुकीचे नाही. जागा चुकीची आहे. आपण बेलापूरच्या डोंगरपायथ्याला राहत असता तर मीही काँक्रीटच सांगितले असते. अशा पक्क्या जमिनीवर मुरूम दाबून, २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरून, त्यावर १२५ मिलिमीटर जाडीचे एम-२५ प्रतीचे (एमपुढचा आकडा मजबुती दाखवतो) काँक्रीट घालावे आणि ते घोटून गुळगुळीत न करता ओले असतानाच त्यावर उताराच्या आडव्या दिशेने झाडू ओढावा. तो खरखरीतपणा वर्षानुवर्षे टिकतो. अंगणाएवढ्या कामाला ट्रिमिक्सची जरुरी नसते. त्या पद्धतीत पंपाने काँक्रीटमधील जादा पाणी शोषून घेतात आणि मोठ्या क्षेत्रफळात तिचा खरोखर फायदा होतो. आपल्या १७.६ चौरस मीटरला सव्वादोन घनमीटरच्या आसपासच काँक्रीट लागेल. त्यात मुळातच पाणी कमी घातले, तर ते शोषून काढण्याचा खटाटोप करावा लागत नाही.

भरावावर या स्लॅबचे काय होते ते सांगतो. खालची जमीन एका बाजूने बसली की स्लॅब आधी पुलासारखा अधांतरी राहतो, काही काळ काहीच दिसत नाही, आणि मग एके दिवशी चाकाच्या रेषेत आरपार तडा जातो. आतील सळईला खाऱ्या हवेची ओल मिळते, ती गंजून फुगते आणि तडा रुंद होतो. पुढे ड्रेनेजची लाइन तुंबली किंवा पाण्याची लाइन फुटली तर ब्रेकर लावून स्लॅब फोडावा लागतो, आणि त्यावर मारलेले ठिगळ मूळ काँक्रीटशी कधीच एकजीव होत नाही. रो-हाऊसच्या पुढच्या मोकळ्या जागेखाली ड्रेनेज, पाणी, कधी गॅसची नळी आणि बऱ्याचदा जमिनीखालची पाण्याची टाकी असे सगळेच असते. माझ्या मते अशा जागेवर सलग काँक्रीट न घालण्याचे हे जमीन खचण्याइतकेच मोठे कारण आहे.

जमिनीखालची टाकी असेल तर हा मजकूर वाचताना येथेच थांबा आणि आधी तिच्या छताचा स्लॅब गाडीच्या भारासाठी बांधलेला आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवून घ्या. चार माणसांसह मोठी गाडी २००० किलोच्या घरात जाते, म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण ५०० किलो येतात, आणि गाडी रोज त्याच चार ठिपक्यांवर उभी राहते. केवळ माणसांच्या वर्दळीसाठी ओतलेल्या पातळ स्लॅबवर मी पेव्हरही घालणार नाही आणि गाडीही उभी करू देणार नाही. टाकीचे तोंड जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर उंच बांधलेले असावे, नाहीतर शेड धुतलेले पाणी पिण्याच्या पाण्यात उतरेल.

उरलेले पर्याय थोडक्यात. डांबर आपल्यासाठी नाही. पेट्रोल, डिझेल आणि ऑइलच्या थेंबांनी ते विरघळते, मे महिन्याच्या उन्हात स्कूटरचा स्टँड त्यात रुततो, आणि एवढ्या लहान जागेत रोलर चालवून नीट दाबून देणारा ठेकेदारही सहसा मिळत नाही. इपॉक्सीचा रंग बंदिस्त तळघरात शोभतो, पण तिरप्या उन्हाने तो पिवळा पडतो आणि खालून ओल चढली की त्याचे फोड येतात. पॉलिश केलेला कोटा आणि कडप्पा ओला झाला की धोकादायक होतो. शहाबादी दगड म्हणून मला आजही आवडतो, पण तो थरांचा दगड असल्याने सारखा ओला-सुका होत राहिला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि पातळ लादी चाकाखाली टिकत नाही. आपली जुनी फरशी काढताना शाबूत निघालेल्या लाद्या कुंड्यांखाली किंवा मागच्या पायवाटेला वापरा.

आता पेव्हरच्या कामाबद्दल नीट लिहितो, कारण पेव्हर बिघडतात ते बहुतेक वेळा खालच्या कामामुळे, आणि नाव मात्र ब्लॉकचे खराब होते.

जुनी फरशी आणि तिच्याखालचा भुसभुशीत भाग काढून सुमारे ४५० मिलिमीटर खोल जावे. तळाशी चिकण माती लागली तर तिच्यावर न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. कापड नसेल तर पावसाळ्यात ती माती लोण्यासारखी होऊन सोलिंगच्या, म्हणजे पायाला रचलेल्या मोठ्या दगडांच्या थरातून वर चढते आणि दगड खाली जातात. कापडावर २०० ते २३० मिलिमीटर रबलचे (ओबडधोबड दगडांचे) सोलिंग करावे. दगड हाताने उभे बसवावेत, टोपलीने ओतू नयेत. त्यांच्या फटी बारीक खडी आणि मुरमाने पूर्ण भराव्यात, कारण रिकामी फट म्हणजे घुशीला तयार घर. आपल्या जागेला साधारण दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) रबल लागेल. त्यावर मुरूम आणि खडीच्या कचेचा १०० ते १५० मिलिमीटर थर पाणी मारून दाबावा. हाताच्या धुम्मसाने कडा आणि कोपरे होतात, मधला भाग मात्र प्लेट कॉम्पॅक्टरनेच (थरथरत्या सपाट तळाच्या यंत्राने) दाबला पाहिजे. तो दिवसाच्या भाड्याने सहज मिळतो, आणि मुकादम तो आणायला टाळाटाळ करत असेल तर काम थांबवा. उतार याच थराला द्यायचा असतो, वरच्या रेतीला नव्हे. पाणसळ आणि दोरी लावून येथेच तपासा.

कडा बांधणे हे पेव्हरच्या कामाचे मर्म आहे. ब्लॉक एकमेकांना धरून राहतात ते कडेच्या आधाराने, आणि आधार सुटला की सांधे उघडतात व सगळी मांडणी बाहेर सरकते. फाटकाच्या आणि बगिच्याच्या बाजूला काँक्रीटची कडा ३०० मिलिमीटर खोल न्यावी. तिच्या बाहेरच्या अंगाने वेल्डमेशची जाळी जमिनीत उभी पुरली तर घुशींचा मार्गही बऱ्यापैकी बंद होतो. शेडच्या खांबांभोवतीही काँक्रीटची चौकट करावी आणि खांबाची तळपट्टी जमिनीच्या पातळीवर न ठेवता १५० मिलिमीटर उंच ओट्यावर ठेवावी. आपल्या खाऱ्या हवेत खांब नेहमी तळाशी, जेथे पाणी थबकते तेथेच गंजतो. फरशी उचललेली असतानाच ही दुरुस्ती करून घ्यावी, पुन्हा ती संधी येत नाही. विजेवरच्या गाडीसाठी मीटरपासून शेडपर्यंत ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आत ओढतार घालून आत्ताच पुरून ठेवावा, हेही त्याच कारणाने.

ब्लॉकखाली रेतीचा थर दाबल्यानंतर ३० मिलिमीटरच्या आसपास राहावा. खालचा चढउतार झाकण्यासाठी कोठे ७०, कोठे २० मिलिमीटर अशी रेती घालण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि ब्लॉक लाटांसारखे बसतात ते तिच्यामुळे. रेतीत सिमेंट मिसळू देऊ नका. गवंडी त्याला मजबुती म्हणतील, पण त्यामुळे तो थर ठिसूळ पापडासारखा होतो, जमीन बसली की तुटतो आणि ब्लॉक स्वच्छ उचलता येत नाहीत. उचलता येणे हाच तर आपला हेतू आहे. खाडीची रेती नको, धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली रेती) वापरा.

ब्लॉक निवडताना दुकानदार आपल्याला दोन प्रकार दाखवील. रबराच्या साच्यात ओतलेले चकचकीत, रंगीत ब्लॉक आणि मशीनवर दाबलेले, काहीसे ओबडधोबड दिसणारे ब्लॉक. चकचकीत ब्लॉक हातात घेतल्यावर मोह पडतो. पण ओले झाले की ते घसरतात, आणि स्थानिक कारखान्यांत ते ओतताना पाणी सढळ हाताने घातलेले मी पाहिले आहे. शेडखाली मशीनचेच घ्या. आयएस १५६५८ या भारतीय मानकाने गाड्यांच्या पार्किंगसाठी एम-३५ प्रतीचा ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक सांगितला आहे, आणि सरासरी पाणी शोषण ६ टक्क्यांच्या आत असावे असे म्हटले आहे. विक्रेत्याकडे चाचणीचा दाखला मागा. तो नसेल तर निदान दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून पाहा. चांगला ब्लॉक खणखणीत वाजतो, कच्चा बद्द आवाज करतो आणि त्याची कड झडते. आपल्या कामाला ८० मिलिमीटरची गरज नाही. जेथे पाण्याचा टँकर आत येतो अशा सोसायटीच्या आवारात मी ८० मिलिमीटर एम-४० खालचे काही घेत नाही, कारण १०,००० लिटरचा टँकर म्हणजे पाण्याचेच दहा टन होतात. आपल्या फाटकातून टँकर येणार नाही. ती बचत सोलिंगमध्ये घाला.

मांडणी हेरिंगबोन (ब्लॉक एकमेकांना काटकोनात अडकवलेली) किंवा झिगझॅग असावी, सरळ ओळींची नको. पॉवर स्टिअरिंगमुळे आपण गाडी उभी असतानाच चाके वळवतो, त्यावेळी चाकाखालचे ब्लॉक पिळले जातात, आणि सरळ ओळीतील ब्लॉक त्या पिळाने सुटतात. ब्लॉक बसवून झाल्यावर कॉम्पॅक्टरच्या तळाला रबरी पत्रा लावून एकदा दाबावे, मग कोरडी बारीक रेती झाडूने सांध्यांत भरावी आणि पुन्हा दाबावे. सांधा २ ते ४ मिलिमीटरचा असावा. सांध्यांतून पाणी जमिनीत मुरेल आणि जलसंधारण होईल असे विक्रेते सांगतात. एक-दोन वर्षांत ते सांधे धुळीने भरतात, आणि जुलैमध्ये आपल्या सेक्टरात जमिनीखालचे पाणी इतके वर असते की मुरायला जागाच उरत नाही. म्हणून पाणी वरून वाहून जाईल असाच उतार ठेवा.

चेंबरच्या झाकणाची पातळी ब्लॉकशी जुळवून त्याच्या चौकटीभोवती १५० मिलिमीटर काँक्रीटचा पट्टा घ्या. झाकणावर भाराचा वर्ग कोरलेला असतो. आपल्याकडे बहुधा एलडी-२.५ (हलक्या भाराचे) असेल, ते मुख्यतः पायी चालणाऱ्यांसाठी आहे. गाडीखाली एमडी-१० (मध्यम भाराचे) हवे.

काम नोव्हेंबर ते एप्रिल या काळात करावे, म्हणजे खालचे थर कोरड्यात दाबले जातील आणि पहिल्या पावसाआधी ब्लॉकवर काही आठवडे गाडीची ये-जा होऊन ते बसतील. कडांच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस गोणपाट टाकून पाणी मारा. हल्ली बाजारात मिळणारे सिमेंट बहुतांशी राख किंवा स्लॅग मिसळलेले असते आणि आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात अशा सिमेंटसाठी दहा दिवसांचीच मुदत आहे. गवंडी तीन दिवसांनी निघून जातात, तेव्हा हे काम घरच्यांनाच करावे लागते.

देखभाल फार नाही. मेअखेरीस खराट्याने सांध्यांतील कचरा काढून कमी झालेली रेती भरा. जुलैमध्ये शेवाळ दिसू लागले की ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकून दहा-पंधरा मिनिटांनी खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुवा. ते पाणी खांबांच्या तळाशी साचू देऊ नका आणि त्यात ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रव कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ॲसिडने सिमेंटही खाल्ले जाते. ऑइल सांडले तर लगेच लाकडाचा भुसा टाका आणि तो शोषला गेल्यावर साबणाने घासा. गाडीच्या एसीचे पाणी रोज एकाच जागी ठिबकते, तेथे शेवाळ आधी धरेल, म्हणून त्या ठिपक्याकडे अधूनमधून पाहत जा.

दोन-तीन वर्षांनी फाटकाच्या बाजूला एखादा भाग २०-२५ मिलिमीटर खाली गेलेला दिसेल. घाबरू नका, ते अपेक्षित आहे. दोन माणसे एका दिवसात तेवढे ब्लॉक काढून, खाली कच दाबून, रेती पसरून तेच ब्लॉक परत बसवतात. यासाठी खरेदीच्या वेळीच ४० ब्लॉक जादा घेऊन मागच्या भिंतीशी रचून ठेवा. पुढच्या वेळी त्याच कारखान्यातून घेतले तरी साच्याची झीज आणि रंग यांमुळे ते जुन्यांशी नेमके जुळत नाहीत.